पराभवनाम संवत्सरी फॉल सिलिंग

वसमतला घराचं काम काढायचं म्हटलं की आधी वही निघते, मग पंचांग निघतं, मग नातेवाइकांची नावं निघतात आणि सगळ्यात शेवटी, निघालेच तर, पैसे निघतात. हा क्रम मोडणारे धाडसी लोकही गावात आहेत. त्यांच्या स्लॅबमधून वर आलेल्या गजांवर कपडे वाळतात आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर शेळ्या बसतात.

आमची यंदाची यादी शिमग्यालाच तयार झाली. हॉलला फॉल सिलिंग. स्वयंपाकघरात ट्रॉल्या. मधल्या खोलीची ओल. गच्चीचं वॉटरप्रूफिंग. व्हरांड्याला जाळी. धाकट्या भावाच्या आग्रहाखातर एक 'स्टडी'. आणि यादीच्या तळाला, बारीक अक्षरात, आईच्या न्हाणीत धरायला दांडी. धाकटा पुण्याला असतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि वसमतच्या घराची स्वप्नं तोच बघतो. रोज रात्री अकराच्या सुमारास त्याच्याकडून खोल्यांचे फोटो येतात. त्या खोल्यांत मी अजून एकही माणूस पाहिलेला नाही. पांढरा सोफा, कोपऱ्यात एक झाड आणि टेबलावर तीन लिंबं. ही लिंबं कुणी उचलून वरणावर का पिळत नाही, असं आईनं विचारलं होतं.

मग पंचांग आलं. गुढीपाडवा 19 मार्चला, शके 1948 सुरू. यंदा ज्येष्ठ अधिक, म्हणजे वर्षाला तेरा महिने. पुढचा पाडवा थेट 7 एप्रिल 2027 ला. मी हिशोब केला: 384 दिवसांचं वर्ष! नियोजन करणाऱ्याला देवानं आणखी काय द्यावं? आनंदानं वहीत तेरा रकाने आखले. तेवढ्यात आईनं चष्मा पुसून संवत्सराचं नाव मोठ्यानं वाचलं. पराभवनाम संवत्सर.

"घ्या," बायको म्हणाली, "निकाल आधीच लागला. आता पेपर लिहा."

तरी लिहिला. चैत्र-वैशाखाचा रकाना पहिला. हे महिने बांधकामाला सोयीचे समजले जातात, कारण आभाळ कोरडं असतं. आभाळ कोरडं असतं तेव्हा नळही कोरडा असतो, हे प्रत्येक वर्षी नव्यानं कळतं. सिमेंटला पाणी लागतं. मिस्त्री गिलावा करून जाताना "सकाळ-संध्याकाळ पाणी मारा" असं सांगून जातो, पण ते आणायचं कुठून हे सांगत नाही. नळ येतो त्या दिवशी आधी संप भरतो, मग वरची टाकी, मग पिंप, मग घागरी, मग शेजारच्या काकूंची एक बादली, आणि उरलं तर भिंतीला. अशी तहानलेली भिंत पुढे तडकली तर तिला नावं ठेवू नयेत.

शिवाय याच दिवसांत हळद असते. काढायची, कुकरात शिजवायची, वाळवायची, ड्रममध्ये घोळून पॉलिश करायची. गवंड्याच्या हाताखालचे बिगारी तेव्हा रानात सापडतात. घमेलं तेच, फक्त त्यात माल वेगळा.

त्यानंतर 17 मे ते 15 जून धोंड्याचा महिना. नवं काही आरंभायचं नाही. मात्र जावई येणार. आमच्याकडे दाजी येतात, बहीण येते, भाचरं येतात. मधल्या खोलीची ओल काढायला बाजूला ठेवलेले पैसे अनारसे, ताम्हण आणि कपड्यांत जातात, आणि दाजी त्याच ओलीच्या खोलीत झोपतात. ओल दिसू नये म्हणून तिथं कपाट सरकवलं जातं. कपाट सरकवणं हे आमच्याकडचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वस्त इंटिरियर डिझाइन आहे. आमचं कपाट गेल्या काही वर्षांत तीन भिंती फिरलंय. चौथ्या भिंतीला दार आहे म्हणून ती वाचली.

धोंडा संपता संपता मृगाचा पाऊस आलेला असतो. वाळू महागते. वाळू ब्रासवर मिळते; एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, असं पुस्तकात आहे. ट्रॅक्टरमध्ये किती ब्रास आहे हे मात्र ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडात असतं. मग 25 जुलैला आषाढी, चातुर्मास सुरू. श्रावणात उपास आणि पाहुणे. 14 सप्टेंबरला गणपती, पाठोपाठ महालक्ष्म्या. 27 सप्टेंबरपासून पितृपंधरवडा. त्यात खिळासुद्धा विकत आणायचा नाही. 11 ऑक्टोबरला घटस्थापना, आणि त्याआधी दसरा काढायचा, म्हणजे घरातली शेवटची गोधडीसुद्धा धुवायची. वाकळा दोरीवर असताना घरात सिमेंटचं पोतं आणणाऱ्या पुरुषाचं पुढे काय होतं, हे लिहिण्यासारखं नाही.

उरले ते दसरा ते दिवाळी. 20 ऑक्टोबरचा दसरा, 8 नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन. मध्ये 19 दिवस. तेरा महिन्यांच्या वर्षात एकोणीस दिवस! आणि या एकोणीस दिवसांत गावातल्या झाडून सगळ्या घरांना रंग, फरशी आणि फॉल सिलिंग एकदमच आठवतं. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न, मग माणसांची लग्नं, मग कारखान्याचा ऊस, मग पौष, मग पोरांच्या परीक्षा, मग पुन्हा हळद.

हे झालं आमचं एकट्याचं पंचांग. कामगारांची वेगळी असतात. आमचे गवंडी मिस्त्री ईदचा चांद बघून तारीख देतात. फरशीवाला राजस्थानचा; होळीला गावी गेलाय तो अजून 'गाडीत बसलोय' एवढंच फोनवर सांगतो. फॉल सिलिंगची पोरं उत्तर प्रदेशची. त्यांच्या गावाकडे लग्नं कधी निघतील हे त्यांनाही ठाऊक नसतं. सुताराच्या पोराची दहावी आहे. या सगळ्यांना एकाच सोमवारी एका हॉलमध्ये उभं करून दाखवणाऱ्या माणसाला मी जिल्ह्याचा पालकमंत्री करीन.

पण माझा खरा मुद्दा तारखांचा नाही. खोल्या कुणासाठी सजवायच्या, हा आहे. वहीतली यादी मी एकदा नीट वाचली आणि प्रत्येक कामापुढे ते कुणासाठी आहे ते लिहून पाहिलं. फॉल सिलिंग: पाहुण्यांसाठी. ट्रॉल्या: बहीण आणि तिच्या सासरकडच्या बायकांसाठी. स्टडी: पुणेकर भावासाठी, जो वर्षाकाठी चार दिवस येतो आणि ते चारही दिवस मोंढ्यातल्या मित्रांच्या दुकानात काढतो. मधली खोली: दाजींसाठी. घरात जे रोज राहतात ते कुठे असतात? मी व्हरांड्यात, आई ओसरीवजा जागेत, बायको स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, कारण तिथं वारा येतो. हॉल बंद असतो. हॉल झाडला जातो, पुसला जातो आणि पुन्हा बंद केला जातो.

यात सगळ्यात मोठा मान महालक्ष्म्यांचा. मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्या येतात तीनच दिवस, पण घराची रुंदी त्या ठरवतात. दोन कोठ्या, त्यावर मुखवटे, भरजरी साड्या, पुढे पिलवंडं, मागे आरास, बाजूला फराळाची ताटं, आणि दर्शनाला येणाऱ्या बायकांना वळायला जागा. आमच्या हॉलचं माप आर्किटेक्टनं कागदावर काढलं तेव्हा आईनं फक्त एक प्रश्न विचारला: "महालक्ष्म्या कुठं बसणार?" त्यानं टीव्हीची जागा दाखवली. टीव्ही हलला, सोफा हलला, खिडकी हलली आणि कागद नवा आला. वर्षाचे उरलेले दिवस आमचा टीव्ही दाराच्या आड असतो आणि बातम्या बघताना मान उजवीकडे वाकवावी लागते. आमच्या घरातल्या सगळ्यांची मान थोडी उजवीकडे आहे, हे गावातल्या लोकांना माहीत आहे. कारण माहीत नाही.

त्यातही आवाहनाची संध्याकाळ. महालक्ष्म्यांना दारातून पावलं काढत आत आणायचं आणि घरभर फिरवायचं. हे स्वयंपाकघर, ही धान्याची कोठी, ही तिजोरी, ही पोराबाळांची खोली. एखाद्या सरकारी साइट व्हिजिटमध्ये इतकं बारीक बघत नाहीत. अर्धवट फरशी, लटकती वायर, पुट्टी मारून रंग न दिलेली भिंत, सगळं देवीच्या आणि तिच्यामागून चालणाऱ्या आठ-दहा बायकांच्या नजरेखालून जातं. देवी बोलत नाही, बायका बोलतात. त्यामुळे गावातल्या कंत्राटदारांना कुठलीही मुदत द्या, पाळणार नाहीत. "महालक्ष्म्यांच्या आधी" असं आईनं सांगितलं की मात्र गडी निदान फोन उचलतो.

महालक्ष्म्यांनंतरचा मान हळदीचा. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. गावात हळद संशोधन केंद्रही आहे. या सगळ्याचा अभिमान आहेच. पण मानांकन हळदीला मिळालं आणि खोली आमची गेली. भाव नसला की हळद विकायची नाही, आणि विकायची नाही म्हणजे ठेवायची. ठेवायची कुठे? वाळलेलं हळकुंड फरशीवर टाकून बघा, खणकन वाजलं पाहिजे. दबका आवाज आला तर आत ओल आहे. शेतकरी कानानं ओल ओळखतो. म्हणून घरातली सगळ्यात कोरडी खोली तिला. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, हवा खेळती, उंदराला वाट नाही. इतक्या विचारानं आमच्या घरात दुसरी कुठलीही खोली लावलेली नाही. हीच ती भावाची स्टडी. नकाशात जिथं पुस्तकांचं कपाट आहे तिथं पोत्यांची थप्पी आहे, आणि भिंत कंबरेपर्यंत अशी काही पिवळी झालीय की भावानं फोटो मागवला तेव्हा त्याच्या ओळखीच्या इंटिरियरवाल्या ताई खूश झाल्या. "शेड कुठली?" त्यांनी विचारलं. मी पोत्यांतल्या हळदीची जात कळवली, "सेलम." त्यांनी दोन कंपन्यांची शेडकार्डं चाळली.

तर आता पैशांचं. वसमतमध्ये कुठलंही घरगुती वाक्य 'भाव आल्यावर' या शब्दांनी सुरू होतं. भाव आल्यावर ट्रॉल्या. भाव आल्यावर जाळी. भाव आल्यावर पोराचं लग्न, आणि लग्नाआधी रंग. निजामाबादच्या हळदीवर वायदे बाजारात सौदे होतात, सांगलीत काय निघाली याचे मेसेज येतात, आपल्या मोंढ्यातल्या बिटात कान लावून बसावं लागतं, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या अजून बसल्या नाहीत तरी मागे-पुढे सरकत असतात. भाव थोडा चढला की बायको ग्रॅनाइट म्हणते. उतरला की मी "कडप्पा काय वाईट आहे?" म्हणतो. कडप्प्याच्या ओट्यावर तिनं जन्म काढलाय. ती माझ्याकडे फक्त बघते.

दगडांचाही एक इतिहास या गावातल्या घरांतून वाचता येतो. सगळ्यात आत, देवघरात, शहाबादी. शहाबाद आणि तांदूर दोन्ही जुन्या हैदराबाद संस्थानातले, आणि आम्हीही 1948 च्या सप्टेंबरपर्यंत त्याच संस्थानातले. त्यामुळे निजाम गेला तरी त्याची फरशी मराठवाड्याच्या पायाखाली राहिली. तिच्यानंतरच्या खोलीत ठिपक्यांची मोझॅक. बाहेर हॉलमध्ये गुजरातहून आलेली चकचकीत व्हिट्रिफाइड. देवघरातून हॉलपर्यंत चालत आलं की साठ-सत्तर वर्षं चालून होतात, आणि शेवटच्या वर्षांत पाय घसरतो. आई हॉलमध्ये येतच नाही. "तुमची ती काच," म्हणते.

आईचं माहेर माळवदाचं. हातभर रुंद मातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर, भिंतीत देवळ्या, धान्याला बळद. घर मोजायचं ते खणांत. तिथं वर्षाचं नियोजन ठरलेलं होतं. मृगाआधी माळवदावरचं गवत काढून नवी पांढरी माती टाकायची आणि चोपायची. दसऱ्याला भिंती पोतारायच्या. दिवाळीला चुना. वही नाही, फोटो नाहीत, भावाचा फोन नाही.  तिच्यासमोर मी त्या घरांचं फार कौतुक करत नाही, कारण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीकडे दगडमातीच्या भिंती आणि माळवदं झोपेतल्या माणसांवर आली, आणि त्यानंतर मराठवाड्यात अनेकांनी तशा छताखाली अंथरूण टाकणं सोडलं. स्लॅब उन्हाळ्यात भाजून काढतो, हे खरं. तरी लोक स्लॅबखाली झोपतात.

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर मिस्त्र्यांकडे येतो. हिंगोली जिल्ह्यात जमीन अधूनमधून हलते. आमच्याच तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून आवाज येतात. 2024 साली 21 मार्चला आणि 10 जुलैला, दोन्ही वेळा सकाळी, 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. दोन्ही वेळा आम्ही चहाचे कप घेऊन रस्त्यावर आलो होतो. मोठी हानी झाली नाही, पण बांधकाम व्यवसायाला एक कायमचं उत्तर मिळालं. तेव्हापासून गावातली कुठलीही भेग भूकंपाची असते. आमच्या मधल्या खोलीतली भेग 2019 मधल्या एका वाढदिवसाच्या फोटोत केकच्या मागे स्पष्ट दिसते. तो फोटो मी मिस्त्र्यांना दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "सर, तवा बी बारीक बारीक धक्के चालूच होते."

खरं कारण तेही जाणतात आणि मीही. गाव पांढरीवर वसतं आणि शेती काळीत असते, हे जुन्यांना कळत होतं. आता पांढरी संपली आणि प्लॉट काळीत पडले. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं घर तिच्याबरोबर श्वास घेतं. पाया खोल मुरमापर्यंत नेला नाही तर फरशी उचलते, दार अडतं. आमचं मागचं दार जुलैत लागत नाही आणि मेमध्ये लावलं तरी फटीतून मांजर येतं. पाया खणताना खर्च वाचवायचा आणि मग वर फॉल सिलिंग लावायचं, असा आमच्याकडचा रिवाज आहे. छत सगळ्यांना दिसतं.

फॉल सिलिंगचं माप घ्यायला मिस्त्री आले तेव्हा त्यांनी पाणसळीची नळी दोन टोकांना धरली, मग कोपऱ्यात गुनिया लावला, मग दुसऱ्या कोपऱ्यात लावला, मग माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"सर, घर गुनियात नाही."

"म्हणजे?"

"इकडं बारा फूट, तिकडं अकरा फूट आठ इंच. वरून चौकोन टाकला की तुमची भिंत तिरपी दिसंल."

"मग काय करायचं?"

"दोन रस्ते. एक तर वर पट्टी तिरपी मारायची. नाही तर लाइट कमी लावायचे."

त्यांनी एकूण अंदाज काढला, त्याला "फिक्स नका धरू" असं शेपूट जोडलं आणि उचल मागितली. कधी येणार, हे विचारलं तर म्हणाले, "तुम्ही कामून टेन्शन घेऊ लाले? चार दिवसांत होऊन जातंय." चार दिवस कोणते, ते आम्ही विचारलं नाही. वर्षात एकोणीसच दिवस मोकळे आहेत असं वही सांगते.

या सगळ्या धामधुमीत एक काम मात्र पुरं झालं. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात नळ गळत होता म्हणून प्लंबरचा पोरगा आला. मी आणि बायको हॉलमध्ये लाइट किती लावायचे यावर बोलत होतो. आई त्याला न्हाणीत घेऊन गेली, स्वतः हात टेकून उंची दाखवली, "इथं बोल्ट मार," म्हणाली, आणि दांडी बसली. स्टीलची, दीड फुटाची, पक्की. मुहूर्त नाही, उचल नाही, फोटो नाही. त्याचे पैसे तिनं पदराच्या गाठीतून दिले आणि त्याला चहा दिला. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, मी स्वतः ती धरून उठलो तेव्हा. वहीत त्या कामापुढे मी अजून 'प्रलंबित' असंच ठेवलंय. खोडायचं तर सगळ्या रकान्यांचा मेळ बिघडतो.

हॉलचं काम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू करायचं, असं आजच्या घडीला ठरलं आहे. त्या दिवशी आमचे मिस्त्री गावात आणखी किमान सहा घरी जाणार आहेत, हे मला दोन ठिकाणांहून कळलंय. त्यातलं एक घर तुमचं असेल तर कृपा करून त्यांना तुमची थापी वापरायला देऊ नका. त्यांची पाणसळ, गुनिया आणि दोन्ही थाप्या आमच्या जिन्याखाली कुलपात आहेत.